खिळ्यावरचा नान

पोपटराव ताश्कंदला जाऊन दुसरं लग्न करून आले, ही बातमी दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर पोचायला कुकरची एक शिट्टीसुद्धा लागली नाही. सोडली ती केरबानं. केरबा म्हणजे पोपटरावांच्याच खोलीत राहणारा कोल्हापूरकडचा प्लंबर. गळका नळ बघायला तो चार दिवसांनी उगवतो, पण बातमी गळायची असली की तत्पर. पुरावा म्हणून त्यानं बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोच टाकला होता. पोपटराव मांडी घालून बसलेले, डोक्यावर काळी-पांढरी चौकोनी नक्षीदार टोपी. एका बाजूला रुमाल बांधलेली, सोन्याचे दात दाखवत हसणारी म्हातारी, दुसऱ्या बाजूला गुलाबी गालांची विशीतली मुलगी. समोर परातभर चेरी. खाली केरबाची ओळ : "पोपटदा सासुरवाडीत."

आता खरं काय ते सांगते, कारण बातमी पसरवण्यात आमचा कितीही हात असला तरी दुरुस्तीही आम्हीच करतो. ती मुलगी शेजाऱ्यांची. ताश्कंदच्या कॉलेजात हिंदी शिकते, म्हणून दुभाषी म्हणून येऊन बसलेली. म्हातारीचं नाव हजरा, आणि ती हमीदची आई. हमीद हा पोपटरावांच्या खोलीतला तिसरा गडी. उझबेक, तिशीचा. इथल्या एका हॉटेलात तंदूरवर नान लावतो. पोपटरावांनी तिकडून बायको आणली नाही. लाल फडक्यात गुंडाळून एक वाळका नान आणला, आणि त्याचा एक घास कुणीतरी आधीच खाल्लेला होता.

बायको परवडली असती, इतका त्या नानानं पुढे घोळ घातला.

पण आधी पोपटराव कोण ते सांगायला हवं. तासगावकडचे. वय पंचावन्नच्या आसपास, मिशी त्याहून तरुण. गेली वीस-बावीस वर्षं दोह्यात ड्रायव्हर. सकाळ-दुपार आमच्या मुलांची शाळेची व्हॅन, आणि सुट्ट्यांत विमानतळाच्या फेऱ्या. दर ईदला आमची निम्मी बिल्डिंग उडते. कुणी बाकूला, कुणी तिबिलिसीला, कुणी ताश्कंदला. सोडायला पोपटराव, आणायला पोपटराव. येताना प्रत्येक जण त्यांच्या हातात एक मॅग्नेट ठेवतो, नको म्हणायची सोय नाही. त्यामुळे त्यांच्या खोलीतल्या फ्रिजवर अर्धं जग चिकटलेलं आहे आणि ह्या माणसानं पाहिलेत ते तीन विमानतळ : दोहा, मुंबई, आणि एकदा धुक्यामुळे अहमदाबाद.

मागच्या रमजान ईदेला आम्हाला सोडताना एका हमालानं त्यांना विचारलं, "आप कहाँ जा रहे हैं?" पोपटराव म्हणाले, "पार्किंग में." आम्ही हसलो. तेही हसले. पण ते "पार्किंग" त्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं असावं, कारण बकरी ईदेच्या आधी जिन्यात मला गाठून म्हणाले, "वहिनी, एकडाव मी बी जानार."

"कुठं?"

"कुठं बी. फिरायला. काम नसताना. सामान आपलं आन् उचलनारा दुसरा."

ताश्कंद ठरलं ते हमीदमुळे. त्याचं गाव पारकेंट, ताश्कंदपासून तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी. द्राक्षांचं गाव, हे कळल्यावर तासगावकराचा पाय जमिनीवर ठरेना. गावी बायकोला, म्हणजे अंबिकावहिनींना, फोन गेला. त्या म्हणाल्या, "जावा एकदाचं, न्हाईतर म्हातारपनी माझ्या नावानं खडं फोडशीला. आन् येताना मॅग्नेट नगं, कायतरी खायचं आना."

हमीद मात्र हे सगळं ऐकून कणीक मळत राहिला. त्याचं आणि आईचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. बाप गेला तेव्हा आई म्हणाली होती, तुझ्या वडिलांचा तंदूर आहे, तो चालव. हा म्हणाला, ह्या गावात मला जळायचं नाही. ती म्हणाली, मग जा. हा आला. दोह्यात येऊन करतो काय, तर तंदूरवर नानच लावतो, पण हे त्याला सांगायची हिंमत कुणाची? आता त्याचा करार संपत आला होता. ईदनंतरच्या गुरुवारपर्यंत सही केली तर आणखी दोन वर्षं इथेच, नाही केली तर घरी. पोपटराव निघायच्या आदल्या दिवशी पत्ता हातात ठेवत तो एवढंच म्हणाला, "पोपट भाई, बस देख के आना. दरवाज़ा मेरे लिए खुला है कि नहीं. फिर सोचूँगा."

म्हणजे बघा, पोपटराव निघाले फिरायला आणि जाताना गळ्यात दुसऱ्याच्या घराचं दार.

पारकेंटमधला तो दिवस मी पोपटरावांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की आता मीच तिथे जाऊन आल्यासारखं वाटतं. अंगणभर मांडवावर चढवलेला द्राक्षाचा वेल, त्याखाली पलंगाएवढा लाकडी ओटा, त्यावर जेवणासाठी अंथरलेला दस्तरखान. हजराबाईंनी पाहुण्याला आधी चहा दिला, मग पुलाव दिला, मग चेरी, मग पुन्हा चहा. मुलाबद्दल अवाक्षर नाही. पोपटराव बसल्या जागी चुळबुळत होते. "वहिनी, माझ्या पोटात पुलाव आन् डोस्क्यात हमीद. म्हातारी इचारंना, मला सांगता येईना." शेवटी म्हातारीनं भिंतीकडे बघत एकच वाक्य विचारलं. मुलीनं हिंदी केलं, "चाची पूछती हैं, वहाँ गरमी में उसका सिर दुखता है क्या?"

"न्हाई म्हनलं. टोपी घालतो म्हनलं." हमीद टोपी घालत नाही. पण पोपटराव निरोप्या माणूस, आणि निरोपात थोडी साखर मिसळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

इथे आखाती माणसांची एक रीत सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. आमच्याकडे सुट्टीवरून येणारा माणूस एकटा येत नाही. तो दहा घरांची पार्सलं घेऊन येतो. कुणाची चटणी, कुणाचे लाडू, कुणाचं भडंग. पोपटराव ह्यातले अव्वल. प्रत्येकाच्या घरी जाऊन, चहा पिऊन पार्सल उचलतात, आणि इथे देताना ठरलेलं वाक्य म्हणतात, "तुझ्या आईनं सोताच्या हातानं बांधून दिलंय बघ." मग ते मामानं बांधलेलं असो की दुकानदारानं. घेणाऱ्याचे डोळे भरतात, पोपटरावांचा जीव निवतो. आणि दुसरी गोष्ट : म्हाताऱ्या आया पार्सल भरताना नेमकी एक पिशवी खुंटीवर विसरतात. एकदा केरबाच्या आईनं दिलेली भडंगाची पिशवी अशीच राहिली, तर केरबानं महिनाभर तोंड फुगवलं. तेव्हापासून पोपटराव कुणाच्याही घरातून निघताना खुंट्या तपासतात.

हजराबाईंनीही पार्सल भरलं. बेदाणे, वाळवलेले जर्दाळू, लोकरीचे मोजे. आता दोह्यात जूनमध्ये लोकरीचे मोजे! पण आई ती आई. मग त्या तंदूरकडे गेल्या, मुलगी टॅक्सीला फोन करायला फाटकाबाहेर. पोपटराव दारात उभे, सवयीनं भिंत बघताहेत, तर दाराशेजारी खिळ्याला लाल फडक्यातलं गाठोडं अजून तसंच टांगलेलं. मुलीला त्यांनी बसल्या बसल्या आधीच विचारलं होतं, हे काय? ती म्हणाली होती, "हमीद भाई का नान."

"आता हमीदचा नान हाय, हमीदला पार्सल चाललंय, आन् नान खिळ्यावर. म्हनलं बाई इसरली." पोपटरावांनी तो उतरवला. फडकं सोडून पाहिलं तर दगडासारखा कडक, आणि एक घास खाल्लेला. "म्हनलं प्रवासाचा आसंल, टिकाऊ. घास आईनं चाखला आसंल. आईचं उष्टं, त्यात कसलं उष्टं?" आणि नान बॅगेत.

तेवढ्यात हजराबाई गरम नान घेऊन आल्या. तो त्यांनी पोपटरावांच्या तोंडापुढे धरला. खूण केली, चाव. पोपटरावांनी एक घास चावला आणि उरलेला संपवायला हात पुढे केला, तर म्हातारीनं नान मागे ओढून घेतला आणि आत नेला. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक तर दुसऱ्याच्या घरी उष्टं टाकायचं, तेही गरम नानाचं. "मला वाटलं, म्हातारीला वाटलं, मी लई खाल्लं." टॅक्सीत बसेपर्यंत ते माफी मागत होते आणि त्या हसत हात हलवत होत्या.

दोह्यात उतरल्यावर त्याच संध्याकाळी पार्सल सोडलं. हमीदनं बेदाणे पाहिले, मोजे पाहिले, गालातल्या गालात हसला. मग पोपटरावांनी शेवटी, खास ठेवणीतला, तो लाल फडक्यातला नान काढला.

"तेरी माँ ने खुद उतार के दिया. अपने हाथ से."

हमीदचा चेहरा, केरबा सांगतो, कणकेसारखा पांढरा झाला. "खुद उतारा?"

"खुद. बोली, ये हमीद का है, हमीद को दे दो."

हमीदनं नान फ्रिजवर ठेवला, मॅग्नेटांच्या वर. चप्पल घातली आणि ड्युटीला गेला. दुसऱ्या दिवशी उठून म्हणाला, "गुरुवार को साइन करता हूँ. दो साल. ख़लास."

का, ते सांगेना. जेवेना. हॉटेलात त्यानं नान जाळले म्हणे, ज्यानं कधी एक नान करपवला नाही त्यानं. आणि हमीद गप्प झाला तसे आमचे पोपटराव बिथरले. ह्या माणसाला घरात कुणी रुसलेलं चालत नाही. बसले की उठायचे, उठले की फ्रिजकडे जायचे, नान उचलून पाहायचे, परत ठेवायचे. भर बेचाळीस डिग्रीत मुंतझाच्या बागेला फेऱ्या घालायचे. व्हॅन चालवताना शाळेचं वळण सोडून पुढे गेले, तेही दोनदा. माझा अर्णव घरी येऊन म्हणाला, "पोपट अंकल इज नॉट ओके, मम्मा." मी मराठीत विचारलं, का रे? तो म्हणाला, "ही इज टॉकिंग टू द स्टिअरिंग."

मला आधी वाटलं, लग्नाच्या अफवेचा परिणाम. जिन्यात भेटले तेव्हा मी चिडवलंसुद्धा, "काय नवरदेव, मन तिकडेच राहिलं वाटतं?" एरवी मिशीला पीळ देऊन दोन सुनावले असते. त्या दिवशी त्यांनी लाल फडकं माझ्यापुढे केलं.

"वहिनी, हे जरा दुधात भिजवून मऊ करून देता का? कडक हाय म्हनून खाईना आसंल त्यो."

मी घेतला. दूध तापवायचा कंटाळा आला, म्हणून नान फ्रीजरात टाकला आणि म्हटलं, उद्या बघू. माझ्या आळसाचे आमचे हे, शिवराज, एरवी वाभाडे काढतात. ह्या वेळी त्यांनी त्याला हार घालायला हवा होता.

कारण दुसऱ्या दिवशी मी पार्लरमध्ये गेले. तिथे भुवया कोरणारी मुलगी ताश्कंदची आहे, हे त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बोलता बोलता मी तिला फोनवर नानाचा फोटो दाखवला, म्हटलं, तुमच्याकडे हा भिजवतात कशात? तिनं दोरा खाली ठेवला.

"मॅडम, ये किसके घर से आया?"

मी सांगितलं. ती मोडक्या हिंदीत सांगू लागली, आणि सांगता सांगता तिचा आवाज बदलला. घरातून कुणी लांब निघालं, सैन्यात, परदेशी, की दारात त्याला नानाचा एक घास चावायला लावतात. उरलेला नान भिंतीला टांगून ठेवतात. तो नान त्याची वाट बघतो. त्याचं ह्या घरातलं अन्न अजून संपलेलं नाही, म्हणून त्याला यावंच लागतं. कुणी त्याला हात लावत नाही. तिच्या भावाचा आहे घरी, धूळसुद्धा फुंकूनच काढतात.

"आणि उतरवतं कोण?"

"जो गया था, वो. वापस आ के, वही खाता है." तिनं फोन मला परत दिला. "माँ ने खुद उतार के भेज दिया, तो फिर... मतलब अब मत आना."

मी एक भुवई कोरलेली आणि एक रानटी अशा अवस्थेत पार्लरमधून निघाले. पोपटराव खाली व्हॅन पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते व्हॅनच्या पायरीवर बसले, आणि मिशी पहिल्यांदाच वयाला शोभेल अशी दिसली.

"म्हंजे मी त्याच्या घराचं दारच काढून आनलं, वहिनी."

"आणि वर म्हणालात, आईनं स्वतः काढून दिलं."

"त्ये तर मी समद्यांनाच म्हनतो की!"

"तेच तर."

बुधवार होता. सही दुसऱ्या दिवशी. पोपटराव उठले, पुढे गेले, मागे आले, किल्ली विसरले, किल्ली सापडल्यावर गाडीच न्यायची नाही हे आठवलं. हमीद खोलीतच होता, संध्याकाळच्या ड्युटीला निघायच्या तयारीत. पोपटराव आत गेले. मी दारात उभी राहिले, म्हणजे केरबाला नळाचं सांगायला. नळ कुठलाच गळत नव्हता, पण दारात उभं राहायला निमित्त लागतं.

"हमीद, सुन. तेरी माँ ने नहीं दिया. मैंने उतारा. मैंने. उसको मालूम भी नहीं."

हमीदनं बुटाची नाडी बांधली. "अच्छा."

"अच्छा क्या? सच बोलता हूँ!"

"पोपट भाई," हमीद शांतपणे म्हणाला, "पिछले साल केरबा के लड्डू किसने बनाए थे?"

पोपटरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"तूने उसको बोला, माँ ने अपने हाथ से बाँधा. मेरे को बोला, बस स्टैंड से लिया, घर का डब्बा ट्रेन में रह गया. तू अच्छा आदमी है. जिसको जो मीठा लगे, वो बोलता है. आज मेरे को ये मीठा लगेगा, तो ये बोल रहा है."

कोपऱ्यात केरबा उभा राहिला होता. "म्हंजे... त्ये लाडू स्टँडवरलं व्हतं?"

"तू गप रं जरा!"

"मी रडलो व्हतो त्ये खाऊन, पोपटदा!"

ह्या गोंधळात हमीद चालू लागला. पोपटराव त्याच्या आडवे झाले, दारात, हात पसरून. मीही हलले नाही, म्हणजे हलायला जागाच नव्हती. इतकी वर्षं साखर पेरली, आणि आता खरं बोललं तर ते कुणाच्या तोंडात जाईना. पोपटरावांच्या कपाळावर घाम आणि खोलीत एसी फुल्ल. शेवटी त्यांनी फोन काढला. पारकेंटच्या त्या मुलीचा नंबर त्यांच्याकडे होता, चेरीचे फोटो तिनंच पाठवले होते. व्हिडिओ लावला. हमीद दाराआड सरकला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा, पण गेला नाही.

मुलीनं फोन उचलला आणि पोपटरावांना बघताच ओरडली, "अंकल! वो नान आप ले गए?"

पोपटरावांनी कान पकडले. खरोखर दोन्ही कान, शाळेतल्या पोरासारखे.

मुलगी फोन घेऊन पळत सुटली. वेल, अंगण, आकाश, चपला, सगळं हललं, आणि मग पडद्यावर हजराबाई आल्या. रुमाल घसरलेला, डोळे सुजलेले. त्यांनी पोपटरावांना जे झाडलं ते भाषांतराविनाच कळत होतं. मुलगी मधून मधून सांगत होती. चाची सोयी नहीं. सारा घर ढूँढा. छत देखी. बिल्ली को मारा. वो डर गई थीं कि नान गया, तो लड़के को कुछ हुआ. उन्होंने किसी को बोला नहीं, बोलने से सच हो जाता है. आप चोर हैं, ऐसा बोल रही हैं. और पूछती हैं, नान टूटा तो नहीं?

"नहीं टूटा," पोपटराव म्हणाले, "इनके फ्रीजर में है," आणि फोन माझ्याकडे वळवला. मी एका भुवईनिशी नमस्कार केला.

मग फोन परत वळला, आणि मागची भिंत दिसली. दाराशेजारी एक खिळा रिकामा होता. त्याच्या शेजारी दुसरा, नवा ठोकलेला, आणि त्यावर एक नान, निळ्या फडक्यात. पोपटरावांनी विचारलं, हा कुणाचा?

"आपका," मुलगी म्हणाली. "आपने काटा था ना, जाते वक़्त."

पोपटरावांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच केरबाकडे पाहिलं.

दाराआडून हमीद कधी पुढे आला ते कळलं नाही. तो पोपटरावांच्या खांद्यामागे उभा होता. पडद्यावर म्हातारी बोलता बोलता थांबली. मग ती अगदी हळू काहीतरी म्हणाली, आणि मुलीनं त्याचं हिंदी केलं नाही. हमीदनं फोन हातात घेतला आणि जिन्यात जाऊन बसला.

पुढचा अर्धा तास ते दोघं भांडत होते. उझबेक मला येत नाही, पण आई-मुलाचं भांडण कळायला भाषा लागत नाही. कोण आधी फोन करणार होतं, कुणी काय म्हटलं होतं, बाप असता तर काय म्हणाला असता, असं सगळं. मधेच तो हसला. हॉटेलातून बोलावणं येत होतं, ते त्यानं चार वेळा कापलं. परत आला तेव्हा पोपटरावांनी विचारलं, "पहले क्या बोली? धीरे से?"

हमीद म्हणाला, "बोली, दुबला हो गया. और टोपी कहाँ है?"

गुरुवारी त्यानं सही केली नाही. मालक चिडला, मग समजावू लागला, मग चिडला. आठवड्यानं निघाला हमीद. फ्रीजरातून तो नान मी स्वतः काढून दिला, आणि ह्या वेळी "स्वतःच्या हातानं" हे शंभर टक्के खरं होतं. विमानतळावर पोपटरावांनी सोडलं. हमीदनं बॅग सामानात दिली, नान मात्र हातात ठेवला, लाल फडक्यासकट. केरबाही गेला होता. येताना त्यानं पोपटरावांना थांबवून बस स्टँडचे लाडू परत मागवायचं वचन घेतलं, कारण चवीला ते आईच्या लाडवांपेक्षा बरे होते, असं त्याचं म्हणणं.

तर मला वाटलं, झालं, आता आमचे पोपटराव जागेवर येतील. कुठलं काय! हमीद घरी पोचला, तंदूर पेटवल्याचा फोटो आला, नान खाल्ल्याचा फोटो आला (दात तुटला नाही), तरी ह्यांची चुळबुळ कमी होईना. मुलांना शाळेत सोडलं की व्हॅनमध्ये बसून तिकिटांचे भाव बघतात. जिन्यात भेटले की विचारतात, तिकडं थंडी कधी सुरू होते वहिनी? ऑक्टोबरात द्राक्षं येतात काय? लोकरीचे मोजे हमीद मागे ठेवून गेला ते त्यांनी धुऊन, वाळवून बॅगेत भरून ठेवलेत. अंबिकावहिनींचा मला फोन आला, "ह्यास्नी काय झालंय हो? गावी या म्हनलं तर म्हनत्यात, आधी तिकडं जाऊन येतो." अफवा आता पुन्हा उठायला हरकत नाही, असं केरबाचं मत पडलं.

काल दुपारी व्हॅनपाशी मी त्यांना गाठलंच. शिवराजही होते, अर्णवही. म्हटलं, सरळ विचारावं. "काय हो पोपटराव, एकदा फिरून आलात ना? हौस झाली ना? घर तुमचं तासगावला, नोकरी दोह्यात. तुमचं तिकडे आहे कोण, की सारखे निघालात? आमचं बघा, अठरा वर्षं झाली, नाशिकचा फ्लॅटसुद्धा भाड्यानं देऊन टाकला. कसे निवांत आहोत!"

पोपटरावांनी व्हॅनचं दार लावलं, काचेवरची धूळ बोटानं पुसली आणि म्हणाले,

"माझा अर्धा नान तिकडं खिळ्यावर हाय, वहिनी. तुमचा कुठं हाय, त्ये सांगा आधी."